पार्श्वभूमी : माळव्यातलं ओव्याचं फूल आणि उडणारी तेलं

इंदूरच्या सियागंजात कापूर, पिपरमिंट आणि ओव्याचं फूल असं एका दमात मागितलं, की कशासाठी ते दुकानदाराला सांगावं लागत नाही. तीन पुड्या घरी येतात, कोरड्या काचेच्या बाटलीत एकत्र पडतात आणि पाण्याचा थेंबही न घालता तासाभरात तिन्ही खडे पातळ होतात. हीच अमृतधारा. ‘इसेन्शियल ऑइल’, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं उडणारं वासाचं तेल, म्हटलं की आज डोळ्यांपुढे डिफ्यूजर (वास हवेत सोडणारं यंत्र) आणि जांभळ्या लेबलाची बाटली येते. पण चोंदलेल्या नाकावर वास घेण्याची इथली जुनी वाट या तीन पुड्यांमधून जाते, आणि त्यातली एक पुडी तर अस्सल माळव्याची.

ओव्याचं फूल हे झाडाचं फूल नव्हे. ओवा भरडून पाण्यासकट भट्टीवर चढवला, की वाफेबरोबर तेल येतं. १०० किलो ओव्याला साधारण २ ते ४ किलो. वाफ थंड झाल्यावर तेल पाण्यावर तरंगतं. खालचं पाणी म्हणजे पोटदुखीवरचा ओव्याचा अर्क. वरचं तेल काढून थंडीत पसरट भांड्यात उघडं ठेवलं, की त्यात जाडसर, काचेसारखे खडे धरू लागतात. तेलाला फूल आलं, म्हणून नाव फूल. १८७४ च्या एका इंग्रजी औषधीग्रंथात नोंद आहे, की हे खडे उज्जैनला आणि मध्य भारतात इतरत्र काढले जातात आणि पुण्यासह दख्खनच्या बाजारांत ‘अजवाइन का फूल’ म्हणून विकले जातात. म्हणजे पुण्याची आजी जे फूल पुरचुंडीत बांधत होती, ते बहुधा आमच्याकडून गेलेलं!

हा पदार्थ म्हणजे थायमॉल. बर्लिनच्या कास्पर नॉयमान यांना तो १७१९ मध्ये थाइम या युरोपी झुडपाच्या तेलात सापडला होता. ओव्याचं फूल आणि तो एकच, हे १८५५-५६ मध्ये स्टेनहाउस आणि हेन्स यांनी दाखवलं. मग ओवा बोटींतून जर्मनीला जाऊ लागला. तिथं त्यातून थायमॉल काढायचं आणि जंतुनाशक व अंकुशकृमीवरचं औषध म्हणून जगाला विकायचं. १९१४ च्या युद्धानं ती वाट तोडली, तेव्हा ते भारतातच काढण्याची धडपड सुरू झाली. नीमचच्या मंडीत ओव्याचे ढीग आजही लागतात. पण दुकानातलं फूल आता बहुतेक करून कारखान्यात मेटा-क्रेसॉल या रसायनापासून बनतं. रेणू तोच, भट्टी मात्र गेली.

तीन पुड्या एका बाटलीत घालून नाव देणारे लाहोरचे पंडित ठाकुरदत्त शर्मा. १९०१ मध्ये ‘अमृत की धारा’, १९०३ पासून ‘अमृतधारा’. पुढे ‘लक्ष्मणधारा’ या नावावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६२ मध्ये निकाल लागला. ट्रेडमार्कच्या वकिलांना तो अजून पाठ असतो. अमृतधारा निघाली त्याच सुमाराला, १८९३ मध्ये, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं होतं आणि अमेरिकेत कापूर, मेंथॉल (म्हणजेच पिपरमिंट), निलगिरी घातलेलं व्हिक्स आकार घेत होतं. एका पिढीच्या आत तीन ठिकाणी जवळपास तेच वास डब्यांत आणि बाटल्यांत बंद झाले.

घरी करायची तर तिन्ही वस्तू वजनानं सारख्या घ्याव्यात, प्रत्येकी १० ग्रॅम. एकमेकांत मिसळल्यावर त्यांचा वितळबिंदू खाली येतो, म्हणून आच न देता पातळ होतात. एरवी मेंथॉल ४२ अंशांना आणि थायमॉल ५० च्या आसपास वितळतं. बिघडतं ते इथं : बाटली ओली असली की मिश्रण दुधट होतं. पूजेच्या कापराच्या वडीत मेण किंवा भरताड असलं तर तळाशी गाळ राहतो. अंदाजे मापानं घातलं तर जानेवारीच्या पहाटे परत खडे धरतात. तेव्हा बाटली कोमट पाण्यात धरावी, गॅसवर नव्हे, कारण हे सगळं भडकन पेट घेतं. ड्रॉपरचं रबर फुगून चिकट होतं आणि साधं प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून काच आणि घट्ट झाकण. पिपरमिंटच्या सुयांसारख्या खड्यांत एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचा एक क्षार) मिसळलं जातं, दिसायला अगदी जुळं. वाटीभर पाण्यात चार खडे टाकावेत : मेंथॉल तरंगतं, एप्सम बुडून विरघळतं. भारतात आज मेंथॉल जपानी पुदिन्यापासून निघतं. ते पीक इथं १९५० च्या दशकात आलं आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, बदायूं भागात पसरलं.

आता श्वासाचं. मेंथॉल हुंगलं की नाक उघडल्यासारखं वाटतं, आणि ‘वाटतं’ हाच शब्द बरोबर आहे. नाकातली थंडी ओळखणारी संवेदी केंद्रं मेंथॉलनं चाळवतात, ती हवा गार आत गेल्याची वर्दी मेंदूला देतात. नाकातून जाणारी हवा मोजली तर ती वाढलेली नसते. हे संवेदनकेंद्र २००२ मध्ये नेमकं ओळखलं गेलं. ज्याला सर्दीनं झोप येत नाही त्याला तेवढ्या भासानंही आराम पडतो, त्यात खोटं काही नाही. दम्यात मात्र हाच भास घात करतो : छाती आवळलेली राहते, माणसाला बरं वाटतं आणि पंप घ्यायला उशीर होतो.

निलगिरीची गोष्ट थोडी निराळी. झाड ऑस्ट्रेलियाचं. तिथं जोसेफ बोसिस्टो यांनी १८५० च्या दशकात तेलाचा धंदा उभा केला. आपल्याकडे झाड निलगिरी डोंगरांत १८४३ पासून लागलं आणि मराठीनं डोंगराचंच नाव झाडाला, मग तेलाला दिलं. त्यातला मुख्य घटक सिनिओल. जर्मनीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तोंडावाटे स्टेरॉइड घेणाऱ्या ३२ दमेकऱ्यांपैकी काहींना सिनिओल २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १२ आठवडे दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती कॅप्सूल. सिनिओलवाल्यांचं स्टेरॉइड अधिक कमी करता आलं. हे मोजून भरलेल्या कॅप्सूलचं, डॉक्टरांच्या नजरेखालचं काम. त्यावरून रुमालावरच्या थेंबाला दम्याचं औषध म्हणणं म्हणजे फार ताणणं झालं.

वाफारा घ्यायचा तर लिटरभर पाणी उकळून गॅसवरून उतरवावं, टेबलावर ठेवून चार-पाच मिनिटं थांबावं, मग निलगिरीचे २ थेंब. डोळे मिटून, चेहरा वीतभर लांब, ५ मिनिटं. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरतं आणि पहिल्या मिनिटातच बहुतेक उडून जातं. म्हणून दहा थेंब टाकले तर पहिल्याच श्वासाला डोळे चुरचुरतात आणि ठसका लागतो. मांडीवर भांडं घेऊन लहान मुलाला चादरीखाली बसवण्याची पद्धत सर्वांत वाईट. पाणी सांडून भाजलेली मुलं इस्पितळांत येतात ती याच पायी. तान्ह्यासाठी ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी उशाजवळ ठेवतात, तेवढं पुरे. दाणा वास हळूहळू सोडतो, बाटली एकदम सोडते.

मराठीत घोळ होतो तो ‘तेल’ या एका शब्दापायी. वैद्य नस्याला (नाकात घालायला) सांगतात ते अणुतेल तिळतेलात सिद्ध केलेलं असतं, अंगात मुरणारं. बाटलीतलं निलगिरी किंवा ओवातेल उडणारं, दाहक. दोन्ही ‘तेलच’ म्हणून हे दुसरं नाकात सोडणारे आहेत. आतली त्वचा भाजते. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाशी वा छातीवर कापूर-मेंथॉल लावू नये, घशाला आकडी येऊन श्वास अडू शकतो. पोटात गेल्याचा हिशेबही ध्यानात ठेवावा. अमृतधारेचा तिसरा हिस्सा कापूर, म्हणजे चमचाभरात दीड ग्रॅम. लहान मुलाला झटके यायला एवढा कापूर पुरेसा आहे. बत्ताशावर दोन थेंब घेणारी जुनी मंडळी थेंब मोजत असत. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागेल अशा फडताळात नको.

मनासाठी वासाचा वापर तर त्याहून जुना. उज्जैनशी नाव जोडलेल्या वराहमिहिरांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीचं, म्हणजे सुगंधी मिश्रणांचं, प्रकरण लिहिलं. १६ द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हा हिशेबही त्यात आहे. तिथं रोगाचं नाव नाही. केस, स्नान, मुखवास यांची ती गोष्ट. ‘अरोमाथेरपी’ (वासाच्या तेलांनी उपचार) हा शब्द फ्रान्सच्या गॅतफोसे यांनी १९३७ मध्ये पुस्तकावर छापला. प्रयोगशाळेत १९१० मध्ये भाजलेला हात त्यांनी लॅव्हेंडरच्या सुवासिक तेलाच्या भांड्यात बुडवला, ही दंतकथा जिथं तिथं सांगतात. खरं म्हणजे जखमेत गॅस गँगरीन (मांस सडवणारा जंतुसंसर्ग) झालं, त्यावर त्यांनी लॅव्हेंडर वापरलं होतं. मनाच्या शांतीचा संबंध नंतर जोडला गेला.

शांत वाटण्याचं कारण काही अंशी शरीराचं : गंधाची वर्दी मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांशी लवकर पोचते. काही अंशी सवयीचं. रोज निजण्याआधी तोच वास आणि दहा मंद श्वास, की पंधरवड्यात वासच झोपेची खूण होतो. परिणाम सौम्य आणि थोड्या वेळाचा. नैराश्याचं औषध चालू असेल तर ते यावर भरवसा ठेवून बंद करू नये. मन शांत करायला लॅव्हेंडरच हवं असंही नाही. निमाडात निघणारं रोशा गवताचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागायचं, इतका त्याचा वास गुलाबाजवळचा. आणि उन्हाळ्यात माठात पडणारा वाळा तर घरातलाच.

डिफ्यूजरला १०० मिली पाण्यात ३ ते ५ थेंब, अर्धा तास, एक खिडकी उघडी. पाच-सात मिनिटांत नाकाला वास येईनासा होतो, तेव्हा तेल संपलं असं समजून पुन्हा ओतू नये. घरात दमेकरी असेल तर उग्र वासानंच धाप लागू शकते. आधी दाराबाहेर एक थेंब हुंगवून पाहावं. अंगाला लावायचं तर १० मिली खोबरेलात ४ थेंब, म्हणजे २ टक्के. अर्धी रिकामी लॅव्हेंडरची बाटली मे महिन्यात गॅलरीच्या कपाटात राहिली, तर हवा आणि उष्णतेनं त्यातला लिनॅलूल हा वासाचा घटक बदलतो आणि तेच तेल त्वचेवर पुरळ उठवू लागतं. ५ मिलीची गडद बाटली घ्यावी, झाकणावर उघडल्याची तारीख लिहावी आणि वर्षभरानं उरलेली फरशी पुसायच्या पाण्यात घालावी.