गणवेश घेताना सकाळचा विचार करा

पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

मे महिना संपत आला की गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात गर्दी सुरू होते आणि काउंटरवर एकच वाक्य सारखं ऐकू येतं, "एक साइज मोठा द्या, वर्षभर चालला पाहिजे." काटकसर आम्हालाही पटते. तरी बालवाडीत किंवा पहिलीत पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी मापाचाच गणवेश घ्या. मोठ्या शर्टाची बाही बोटांवर येते, बटण सापडत नाही, मूल रडकुंडीला येतं, आणि आई एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने त्याचा शर्ट ओढत राहते. मुलाला स्वतःच्या हाताने घालता येईल असा गणवेश, हीच सकाळची खरी सोय. उंची वाढेल त्याची काळजी नको. आमच्या हाफ पँटला आणि ट्यूनिकला खाली दीड इंच दुमड ठेवलेली असते. दिवाळीनंतर घेऊन या, सोडून देतो.

नव्या शर्टाचं काज घट्ट असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मोठ्यांची बोटं जोर लावतात, चार वर्षांच्या बोटांना ते जमत नाही. शर्ट घरी नेल्यावर एकदा धुवा आणि प्रत्येक काजातून बटण दहा-बारा वेळा घाला-काढा. काज सैल झालं की मगच मुलाच्या हातात द्या. बटणं खालून वर लावायला शिकवा, म्हणजे शेवटी एक बटण उरत नाही.

हाफ पँट कमरेला पूर्ण इलॅस्टिकची घ्या. शाळेत लघवीला जायची घाई होते तेव्हा हुक निघत नाही, मूल कोणाला सांगायला लाजतं आणि पँट ओली होते. त्यानंतर दोन-दोन दिवस ते शाळेचं नाव काढू देत नाही. शाळेचा आग्रह हुकच्याच पँटचा असेल तर सांगा, हुकच्या जागी आतून वेल्क्रो लावून देऊ.

बुटांचंही तसंच. गेल्या जूनमध्ये एक आजी नातीसाठी लेसचे बूट घ्यायला आल्या होत्या. नात स्टुलावर मान खाली घालून लेस बोटाला गुंडाळत बसली. आम्ही वेल्क्रोचा जोड पुढे ठेवला. तिने पट्टी ओढली, 'खर्र' आवाज आला, पुन्हा लावली, पुन्हा ओढली. तो जोड पायात घालूनच ती घरी गेली. डावा-उजवा कळावा म्हणून एक गोल स्टिकर मधोमध कापा आणि एकेक अर्धा तुकडा बुटांच्या आत, आतल्या कडेला चिकटवा. बूट शेजारी ठेवल्यावर गोल पूर्ण झाला की जोडी बरोबर. पुढे अंगठ्याएवढी जागा पुरे. बूट दर तीन महिन्यांनी तपासा.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून किमान दोन जोड हवेतच, जमल्यास मोजे चार. दप्तराच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तरच नको म्हटलं आहे आणि पहिलीपासून पुढे ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. डबा आणि बाटली मावेल एवढी पिशवी लहानांना पुरते. डब्याचं झाकण मुलाला उघडता येतं का, ते आमच्या दुकानातच करून बघा.

आता वेळेचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असं परिपत्रक काढलं. तुमच्या शाळेची वेळ आधी नक्की विचारून घ्या आणि तिथून मागे मोजा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. सातला उठवायचं तर नऊच्या आत अंथरुणावर. ही सवय शाळा उघडायच्या आठ-दहा दिवस आधीपासून लावा, आदल्या रात्री नव्हे.

रात्री एका खुर्चीवर कपडे घालायच्या क्रमाने ठेवा: वर चड्डी-बनियन, त्याखाली शर्ट, मग पँट, खुर्चीखाली बूट आणि बुटात मोजे. सकाळी आधी नाश्ता, मग गणवेश. पोह्याची हळद पांढऱ्या शर्टावरून सहज निघत नाही. शौचाला दहा-पंधरा मिनिटं निवांत द्या. मूल बटण लावत असेल तर थांबा. उशीर झाला तरी शेवटचं एक बटण त्यालाच लावू द्या.

शाळा सुरू व्हायच्या आधी एका सकाळी पूर्ण तालीम करा, अगदी बूट घालून कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन येईपर्यंत. काही टोचतंय, सैल होतंय असं दिसलं तर लगेच आणा. न धुतलेला गणवेश आठ दिवसांत पावतीसह बदलून मिळेल. धुतलेल्याची दुरुस्ती आम्ही शिलाई न घेता करून देतो. येताना मुलाला बरोबर आणा, माप त्याच्या अंगावरच घेऊ.