जपानी स्ट्रीट फॅशन आणि पाळीव प्राण्यांची वेशभूषा

टोकियोतील हाराजुकू आणि शिबुया या लगतच्या भागांत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ज्या चित्रविचित्र पोशाखशैली उदयाला आल्या, त्यांना एकत्रितपणे जपानी स्ट्रीट फॅशन म्हणतात. कपडे शिवणारी छोटी दुकाने, ते घालून रविवारी जमणारी शाळा-कॉलेजातली मुलेमुली आणि त्यांचे फोटो छापणारी मासिके या तिघांच्या देवाणघेवाणीतून त्या घडल्या. बाहेरच्याला हा सारा मनमानी नटवेपणा वाटतो; पण यातल्या बऱ्याच शैलींचे नियम शाळेच्या गणवेशाइतके कडक असतात. कुत्र्या-मांजरांना कपडे घालण्याची हौसही याच शहरी जपानमध्ये फोफावली आणि दोन्हींचे धागे काही ठिकाणी थेट जुळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाराजुकूजवळ अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वॉशिंग्टन हाइट्स’ ही वसाहत होती. तिच्या आधाराने ओमोतेसान्दो रस्त्यावर परदेशी चवीची दुकाने आली. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी वसाहतीच्या जागी क्रीडाग्राम झाले, पुढे तेथे योयोगी उद्यान उभे राहिले. १९७७ पासून उद्यानालगतचा रस्ता रविवारी वाहनांना बंद होऊ लागला आणि तरुणांना आयताच रंगमंच मिळाला. चकचकीत कापडाचे ढगळ झगे आणि सलवारी घालून टेपरेकॉर्डरभोवती घोळक्याने नाचणारे ‘ताकेनोको-झोकू’ इथलेच. ‘ताकेनोको’ या दुकानातून कपडे घेत म्हणून त्यांना हे नाव पडले. रस्ता बंद ठेवण्याची प्रथा १९९८ मध्ये संपली, तरी तोवर ताकेशिता ही चिंचोळी गल्ली आणि रेल्वे स्थानकाजवळचा जिंगू पूल या जागा देशभर ओळखीच्या झाल्या होत्या.

सर्वांत टिकाऊ ठरली ती लोलिता शैली. युरोपातील रोकोको (अठराव्या शतकातली नक्षीदार शैली) आणि व्हिक्टोरियन काळातल्या बालपोशाखांवरून ती बेतलेली आहे: आतल्या फुगीर परकरामुळे घंटेच्या आकाराचा होणारा गुडघ्यापर्यंतचा घागरा, लेस, लांब मोजे, डोक्यावर बो. अल्पवयीन मुलीच्या मोहात पडलेल्या प्रौढ पुरुषाची याच नावाची कादंबरी अनेकांना आठवते, पण या मुली पुरुषांना रिझवण्यासाठी नटत नाहीत. अंग झाकणे हाच इथला दंडक आहे. गोड, गॉथिक आणि क्लासिक या पोटशैलींत रंग व नक्षीचे संकेत वेगळे आहेत आणि चुकीचा मोजा घातला तर जाणकार मुली लगेच ओळखतात. ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ हा ब्रँड १९८८ चा. नामवंत ब्रँडचा एक झगा वीस-तीस हजार येनांना पडतो, त्यामुळे जुन्या कपड्यांचा बाजारही मोठा आहे. २००९ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने जगभर प्रचारासाठी तीन तरुणींना ‘कावाई’ (म्हणजे गोंडस) दूत नेमले, त्यांतली आओकी मिसाको लोलिता पोशाखातच फिरत असे. चारचौघांनी नावे ठेवलेला वेश सरकारी पाहुणचारापर्यंत पोचला, हे गमतीचे आहे.

शिबुयाची वाट वेगळी होती. १९७९ मध्ये उघडलेली ‘१०९’ ही दुकानांची इमारत १९९० च्या दशकात ‘ग्यारू’ (इंग्रजी ‘गॅल’वरून) म्हटल्या जाणाऱ्या नटव्या मुलींचा अड्डा बनली. त्यातल्या गांगुरो मुलींनी कातडी रापवून गडद केली, डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरा रंग फासला, केस सोनेरी केले आणि वीतभर उंच बूट चढवले. गोरेपणाचे वेड असलेल्या समाजाला दिलेले हे उत्तर होते, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. त्याहून भडक रूपाला लोककथेतल्या डोंगरी चेटकिणीवरून ‘यामानबा’ म्हटले गेले. हाराजुकूच्या डेकोरा शैलीत मात्र केसांत डझनांनी पिना आणि गळ्यात प्लास्टिकच्या माळा. २००० नंतर काही काळ शिबुयात प्राण्यांच्या आकाराचे टोपीवाले झबले घालून हिंडणारे ‘किगुरुमिन’ही दिसले.

हाराजुकूतल्या वेशांची नोंद आओकी शोइची यांच्या ‘फ्रूट्स’ मासिकाने १९९७ पासून ठेवली. २०१७ मध्ये छापील अंक थांबवताना, टिपण्याजोगे वेश करणारी मुलेच उरली नाहीत, असे कारण त्यांनी दिले. २००८ नंतर हाराजुकूत आलेली स्वस्त फॅशनची मोठी परदेशी दुकाने आणि मोबाइलवरचे फोटो यांचाही त्यात वाटा असावा.

प्राण्यांना माणसाचा वेश देण्याची कल्पना जपानी चित्रकलेत जुनी आहे. उतागावा कुनियोशी या मांजरवेड्या चित्रकाराने १८४० च्या दशकात किमोनोतली मांजरे रंगवली. नटांची चित्रे छापण्यावर तेव्हा सरकारी बंदी होती, तिला दिलेली ती बगलही होती. कागदावरची ही थट्टा १९८० च्या सुमारास जिवंत मांजरांवर आली. ‘नामेनेको’ या मालिकेत मांजरांच्या पिल्लांना बोसोझोकू, म्हणजे मोटारसायकलवरून धुडगूस घालणाऱ्या टोळ्यांचे, लांब कोट घालून दोन पायांवर उभे केले जाई. पोस्टर आणि मांजरांचे खोटे वाहनपरवाने शाळकरी मुलांनी प्रचंड प्रमाणात विकत घेतले. पिल्लांना उभे कसे केले, यावरून टीकाही झाली.

आजची चाल मुख्यतः कुत्र्यांची आहे आणि तिच्यामागे लोकसंख्येचे गणित आहे. २०२३ मध्ये जपानमध्ये पंधरा वर्षांखालील मुले सुमारे १ कोटी ४३ लाख होती, तर पाळीव कुत्री-मांजरे दीड कोटीहून अधिक. लहान सदनिकांत मावणारे टॉय पूडल, चिवावा आणि डॅक्सहुंड लोकप्रिय आहेत. त्यांना बाबागाडीत बसवून नेणारे जोडपे पाहून टोकियोत कुणालाही नवल वाटत नाही. मुलांच्या सुदृढतेसाठी नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या ‘शिची-गो-सान’ या विधीला आता किमोनोतले कुत्रेही येतात. टोकियोतील इचिगाया कामेगाओका हाचिमान देवस्थान असे आशीर्वाद देते.

सगळाच भाग हौसेचा नाही. कॅफेत केस गळू नयेत म्हणून कपडा घालणे हा शिष्टाचार समजला जातो. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत यासाठी गळ्यातल्या प्लास्टिकच्या शंकूऐवजी अंगरखा वापरतात आणि उन्हाळ्यात पाण्यात भिजवलेली बंडी. उलट, जाड पोशाखात कुत्र्याचे अंग तापते आणि दिवसभर कपडा राहिला तर केसांच्या गाठी होतात. मांजरांना अंगभर कपडा सहसा सोसत नाही. त्यांच्यासाठी कितान क्लब या कंपनीने नाणे टाकून खेळणे मिळणाऱ्या यंत्रांतून मांजरांच्या टोप्या विकायला काढल्या. फोटोपुरते ते मांजर सशाचे किंवा सिंहाचे डोके मिरवते, मग पंजाने टोपी काढून टाकते.