हायड्रॉलिक होज बदलणे (जुने ट्रॅक्टर)

पंपाने दाबलेले तेल ट्रॉलीच्या जॅकपर्यंत किंवा पलटी नांगराच्या सिलिंडरपर्यंत नेणारी, पोटात पोलादी तारांची जाळी असलेली रबरी नळी म्हणजे हायड्रॉलिक होज. विदर्भातले मिस्त्री त्याला ‘प्रेशर पाइप’ किंवा नुसते ‘पाइप’ म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरवर हा भाग वारंवार बदलावा लागतो. एकदा बदललेला होज त्याच हंगामात पुन्हा फुटला, तर दोष बहुधा रबराचा नसतो. जुना होज ज्या कारणाने गेला ते कारण तसेच राहिलेले असते, किंवा नवा बसवताना आत कचरा गेलेला असतो.

होज का जातो

पलटी नांगराचे काम एप्रिल-मेमध्ये चालते. तेव्हा वावरात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि काळ्या मातीची ढेकळे दगडासारखी घट्ट झालेली असतात. बाहेरून ऊन आणि आतून तापलेले तेल, यांत वरचे रबर कडक होऊन त्याला आडव्या भेगा पडतात. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी शिरते, आतली तार गंजते आणि होज फुगतो. ट्रॉलीचा होज मात्र बहुधा घासून मरतो. तो हुकाच्या पिनवर लोंबतो, वळताना चाकाला लागतो, कधी जमिनीवरून फरफटत जातो. पऱ्हाटीच्या किंवा कुटाराच्या ढिगाजवळ उभ्या ट्रॅक्टरचे होज उंदीरही कुरतडतात.

वरच्या रबरावर नुसती बारीक भेग दिसली तर होज आणखी काही दिवस चालेल. तार उघडी पडली, फुगा आला किंवा फेरूलच्या (होजच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाच्या) तोंडाशी ओल दिसली, तर त्याच दिवशी बदलावा. फुटलेल्या जागी ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लिप आवळणे निरुपयोगी आहे. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा दाब साधारण १५० ते २०० बार (बार हे दाबाचे माप) असतो. क्लिप त्याच्यापुढे टिकत नाही.

कोणता होज घ्यावा

ईएन ८५३ या युरोपीय मानकात एका जाळीच्या होजला १ एसएन आणि दोन जाळ्यांच्या होजला २ एसएन म्हणतात. आतला व्यास ३/८ इंच असेल तर पहिल्याचा कार्यदाब १८० बार, दुसऱ्याचा ३३० बार. १/२ इंचात हेच आकडे १६० आणि २७५ बार. म्हणजे ट्रॅक्टरसाठी एका जाळीचा होज अगदी काठावर चालतो, म्हणून दोन जाळ्यांचाच घ्यावा. दाब, जाळीचा प्रकार आणि बनल्याची तिमाही होजच्या अंगावर छापलेली असते (‘३क्यू२३’ म्हणजे २०२३ ची तिसरी तिमाही). छापील ओळ नसलेला होज स्वस्त असला तरी नको. पंपाकडे तेल ओढून नेणारी नळी वेगळी असते. तिथे दाब नसून ओढ असते, म्हणून आत गुंडाळी तार असलेली सक्शन नळीच लागते. साधी नळी लावली तर ती चपटी होते आणि पंप किंचाळू लागतो.

खरी फसगत आट्यांत होते (मिस्त्री त्यांना ‘चुडी’ म्हणतात). एचएमटीचे ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आले, म्हणून त्यांच्यावर मेट्रिक आटे भेटतात. बाजारातले जॅक आणि क्यूआरसी कपलर (होज झटपट जोडायची-सोडायची जोडणी) मात्र बहुधा बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचे असतात. ३/८ बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास १६.६६ मिमी आणि एम१६ या मेट्रिक आट्यांचा १६ मिमी. डोळ्यांना फरक दिसत नाही. बीएसपीचा नट एम१६ वर दोन-तीन फेरे चढतोही, आणि दाब आला की निसटतो. म्हणून जुना होज दोन्ही टोकांसकट सोबत न्यावा आणि दुकानात व्हर्नियर व थ्रेड गेज लावून घ्यावा.

क्रिम्पिंग (यंत्राने फेरूल दाबून बसवणे)

जुने फिटिंग ठोकून काढून नव्या नळीला लावू नये, आणि तुटलेल्या फिटिंगला वेल्डिंग तर मुळीच नको. होज, निप्पल (फिटिंगचा होजच्या आत शिरणारा भाग) आणि फेरूल एकमेकांना जुळणारे हवेत, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या होजचा बाहेरचा व्यास थोडा वेगळा असतो. कमी दाबलेले फेरूल निसटते, जास्त दाबलेले आतली नळी कापते. दाबल्यावर फेरूलचा व्यास मोजून मगच पैसे द्यावेत.

लांबी सीटपासून सीटपर्यंत (सीट म्हणजे फिटिंगचे टेकून सील होणारे तोंड) मोजतात, बेंड असेल तर बेंडच्या मध्यरेषेपर्यंत. दाबाखाली होज ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, म्हणून ताणून मोजू नये. ट्रॉलीचा होज मोजताना ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावा, पलटी नांगर असेल तर तो एकदा पलटवून पाहावा.

काढणे आणि बसवणे

नांगर जमिनीवर टेकवावा, ट्रॉलीचा डाला (माल भरायचा, जॅकने उचलला जाणारा भाग) पूर्ण खाली घ्यावा. इंजिन बंद करून लिव्हर तीन-चार वेळा दोन्हीकडे हलवावा, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. डाला वर असताना जॅकचा नट कधीही सैल करू नये. तो डाला केवळ तेलावर उभा असतो. जॅक वरच अडकला असेल, तर चेसिस आणि डाल्याच्या मध्ये भक्कम लोखंडी टेकू दिल्याशिवाय कुणीही खाली शिरू नये.

नट सोडण्यापूर्वी सांध्याभोवतीची माती ब्रशने झाडून डिझेलने पुसावी. नट सुटताच उघड्या तोंडाला प्लास्टिकची टोपी किंवा स्वच्छ पॉलिथिन बांधावे. चिंधी कोंबू नये, कारण तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात. नवा होज कापताना आत रबराची भुकटी आणि तारेचे बारीक कण राहतात. फार जण इथेच घाई करतात. कॉम्प्रेसरची हवा दोन्ही टोकांकडून मारावी, मग थोडे स्वच्छ हायड्रॉलिक तेल ओतून ते पांढऱ्या कापडावर गाळून पाहावे. कापडावर काळे कण दिसेनासे होईपर्यंत हे करावे लागते.

नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवावा, मग पान्याने पाव ते एक तृतीयांश फेरा. ३/८ बीएसपीला बहुधा २२ चा आणि १/२ ला २७ चा पाना लागतो. दुसऱ्या पान्याने फिटिंगचा षटकोन धरून ठेवावा, नाहीतर होज पिळतो. अंगावरची छापील ओळ सरळ दिसली म्हणजे पीळ नाही. शंकूच्या सीटवर टेफ्लॉन टेप नको. सील तिथे धातू धातूला टेकून होते, टेपचे तुकडे मात्र आत जातात. ३/८ चा २ एसएन होज १३० मिमीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये, आणि फेरूलला लागून लगेच वळण देऊ नये. घासण्याच्या जागी स्पायरल गार्ड (होजभोवती गुंडाळायचे संरक्षक वेटोळे) चढवावा. सायकलची ट्यूब चढवण्याची पद्धत आहे, पण तिच्यात चिखल अडकून आतली तार गंजते.

तेल आणि हवा

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते. होज फुटून तेल गेले तर गिअरही कोरडे पडतात. १०० मिमी सरासरी व्यासाचा जॅक १ मीटर उघडला की सुमारे ८ लिटर तेल आत ओढतो, म्हणून पातळी डाला खाली असतानाच बघावी आणि ट्रॉलीसाठीची भर मॅन्युअलप्रमाणे घालावी. उसनी आणलेली ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरचे तेल आणि त्यातला कचराही सोबत आणते. त्यानंतर फिल्टर लवकर बदलावा.

इंजिन मंद चालवून डाला रिकामाच पाच-सहा वेळा वर-खाली करावा. तेलाला फेस आला किंवा डाला धक्के देत चढला तर हवा अजून बाकी आहे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, ते बदलावे लागते.

गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा फिरवून शोधावी. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेले तेल कातडीखाली घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आतले मांस सडू लागते. मलमपट्टी करून घरी थांबू नये. काही तासांत शस्त्रक्रिया लागते, म्हणून थेट यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा नागपूर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे तेल आत गेले’ असे स्पष्ट सांगावे.

उन्हात उभ्या ट्रॉलीचे क्यूआरसी कधीकधी बसतच नाही. होजमधले तेल तापून फुगलेले असते आणि आतली गोळी मागे सरकत नाही. हातोडीने ठोकण्याऐवजी ट्रॉली सावलीत घ्यावी किंवा होजवर ओले पोते टाकून थोडा वेळ थांबावे.