टॉवेल कोणाच्या हातात? लढतीच्या खेळांवरील कौटुंबिक नाट्याची पार्श्वभूमी

बाप प्रशिक्षक, पोर लढवय्या, घरात मारहाण आणि शेवटी मोठी लढत. हा साचा प्रेक्षकाला पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. या नाट्याचा सगळा ताण शेवटी एकाच वस्तूवर येतो: कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या खांद्यावरचा टॉवेल. ज्याने घरात कधी हात आवरला नाही, त्याच माणसाला लढत थांबवायचा अधिकार मिळालेला असतो. पटकथाकाराला हा पेच रचावा लागत नाही, खेळाच्या नियमांनी तो तयारच ठेवलेला आहे.

१७४३ साली लंडनमध्ये मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम झाले. पडलेल्या गड्याला त्याच्या सहायकाने अर्ध्या मिनिटात मधल्या चौकोनाच्या कडेशी आणून उभे करायचे. हरला असे केव्हा मानायचे? तो वेळेत रेषेवर आला नाही तर, किंवा त्याच्याच सहायकाने 'आमचा माणूस हरला' असे जाहीर केले तर. सहायकाने समोरच्या गड्याला माघार घ्यायचा सल्ला देऊ नये, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे आपल्या माणसापुरताच अधिकार, पण तो पूर्ण. पुढे हार कळवायला स्पंज हवेत उडवत, मग त्याच्या जागी टॉवेल आला. १८६७च्या नियमांनी ३ मिनिटांची फेरी, १ मिनिटाची विश्रांती, हातमोजे आणि १० सेकंदांची मोजणी आणली. कोपऱ्याचा, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात बसणाऱ्या प्रशिक्षक-सहायकांचा, मान तसाच राहिला.

आज लढत थांबवायच्या वाटा तीन. लढणारा स्वतः थांबतो, कोपरा थांबवतो, किंवा पंच थांबवतो. यातली पहिली वाट ठोशांच्या खेळातून आलेली नाही, ती पकडींच्या खेळातून आली. १८८२ साली सुरू झालेल्या ज्युदोत हाताने किंवा पायाने दोनदा वा अधिक वेळा थाप मारली, किंवा तोंडाने 'माइत्ता' (हरलो) म्हटले, की पकड सुटते. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये हीच थाप 'टॅप' झाली. शिकवताना सांगतात, थाप शक्यतो समोरच्याच्या अंगावर मार, मॅटवर नको. मॅटवरची थाप गोंगाटात विरते, अंगावरची त्याला जाणवते. दोन्ही हात अडकले असतील तर पाय आपट किंवा ओरड. तोंडात माउथगार्ड असल्याने शब्द फुटत नाहीत, म्हणून वेदनेची किंकाळीसुद्धा तोंडी माघार धरली जाते. गळ्याच्या पकडीत वेळ सर्वांत कमी. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. पंच अशा वेळी गड्याचा हात उचलून सोडतो. हात लुळा पडला की लढत संपली.

या तीन वाटांत वरचढ कोणती, यावर एकाच कुटुंबाभोवती पन्नास वर्षे वाद चालला. कौटुंबिक नाट्य लिहिणाऱ्याने बाकी काही वाचले नाही तरी चालेल, हा वाद वाचावा.

२३ ऑक्टोबर १९५१, रिओ दि जानेरोचे माराकाना मैदान. एका बाजूला जपानी ज्युदोपटू, दुसऱ्या बाजूला ब्राझिलियन जिउ-जित्सू ही पकडींची विद्या घडवणाऱ्या ग्रेसी घराण्यातला धाकटा भाऊ. १० मिनिटांची पहिली फेरी संपली आणि दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या मिनिटाच्या आसपास जपान्याने हात धरला. पकड अशी: एका हाताने समोरच्याचे मनगट धरायचे, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलेच मनगट पकडायचे. त्याचे कोपर काटकोनात वाकलेले राहते, मग मनगट त्याच्याच पाठीमागे वर न्यायचे. सगळा पीळ दंडाच्या हाडावर आणि खांद्यावर येतो. खांदा एका मर्यादेपलीकडे फिरत नाही, पकडणारा मात्र फिरवत राहू शकतो. हात मोडला तरी धाकट्याने थाप मारली नाही. टॉवेल फेकला तो कोपऱ्यातल्या थोरल्या भावाने. त्या पकडीला आज जगभर त्या जपान्याच्याच आडनावाने, 'किमुरा' म्हणून ओळखतात. जिंकणाऱ्याचे नाव हरलेल्या घराण्याने आपल्याच विद्येत जपले, हे तसे दुर्मीळच.

२१ नोव्हेंबर १९९९, टोकियो. त्याच घराण्यातली पुढची पिढी, पुन्हा जपानी गडी आणि पुन्हा तीच पकड. १५ मिनिटांच्या दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत १३ मिनिटे १६ सेकंदांवर पंचाने लढत थांबवली. उरले होते १ मिनिट ४४ सेकंद. थाप पडली नव्हती, टॉवेल आला नव्हता. घरच्यांचा आक्षेप साधा होता: आमच्या माणसाने माघार घेतली नाही आणि आम्हीही घेतली नाही, मग तिसऱ्याने का घ्यावी? पंचाच्या बाजूचा युक्तिवाद असा की खांदा पुरेसा पिळला गेला होता, पकड सुटायचे चिन्ह नव्हते आणि सांधा निखळेपर्यंत वाट पाहणे पंचाचे काम नव्हे.

दोन्ही बाजूंत थोडे खरे आहे, पण थोडेच. सांधा मोडायच्या पकडीत वेदना आणि इजा एकत्र येत नाहीत. काहींना वेदना आधी जाणवते, तर काहींना इजा झाल्यावर. लवचिक खांद्याचा माणूस ज्या कोनात निवांत असतो, त्या कोनात दुसऱ्याचे अस्थिबंध तुटतात. म्हणजे पंचाला बाहेरून दिसते ते अपुरे असते, आणि आतल्याला जाणवते तेही. अशा वेळी चूक कोणत्या बाजूला झाली तर परवडेल, एवढेच ठरवायचे असते. पंचाची चूक झाली तर एक लढत जाते, कोपऱ्याची झाली तर हात जातो.

घराण्याने उत्तर दिले ते पुढच्या लढतीच्या अटींतून. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये १५ मिनिटांच्या फेऱ्या, फेऱ्यांना मर्यादा नाही आणि पंचाने थांबवायचे नाही. निकाल फक्त थापेने किंवा टॉवेलने. सहा फेऱ्या, म्हणजे ९० मिनिटे झाली. लाथा खाऊन घराण्याच्या गड्याच्या मांडीची पार दशा झाली होती. सातव्या फेरीआधी टॉवेल पडला आणि तो फेकणारा पुन्हा भाऊच. नोंद झाली 'कोपऱ्याने थांबवली'.

या घराण्यावर कसलाही आळ घ्यायचा नाही. उलट दोन्ही वेळी घरच्यांनीच हात पुढे करून माणूस वाचवला. मुद्दा त्या अटीचा आहे. पंचाला बाजूला केले की सगळा भार कोपऱ्यावर जातो, आणि कोपरा चांगला असेल हे गृहीत धरावे लागते. कौटुंबिक नाट्य नेमके हे गृहीतक काढून घेते. थोरल्या भावाच्या जागी दारूडा बाप बसवला की तीच अट सापळा होते.

अमेरिकेत न्यू जर्सीत २००० आणि २००१ मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सचे जे एकत्रित नियम आकाराला आले, त्यांनी हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. लढत थांबवण्याचा अंतिम अधिकार पंचाचा, डॉक्टरचा सल्ला सोबत. टॉवेल तिथे विनंतीसारखा झाला. हौशी मुष्टियुद्धात प्रशिक्षकाला टॉवेल फेकता येतो, पण पंच मोजत असताना नाही. काही ठिकाणी टॉवेलला अधिकृत अर्थच नाही, पंच तो उचलून दोराबाहेर भिरकावू शकतो. शिवाय एक साधी अडचण: दोरांच्या रिंगमध्ये कोपरा हाताच्या अंतरावर असतो, जाळीच्या पिंजऱ्यात मात्र टॉवेल कुंपणावरून टाकावा लागतो आणि तो पंचाच्या पाठीमागे पडला तर दोन-चार ठोसे उगाच जातात. पडद्यावर टॉवेल नेहमी पंचाच्या डोळ्यांसमोर, संथ गतीने पडतो.

स्पर्धेच्या रचनेतही पडदा मागेच राहिला. १९९३ साली डेन्व्हरमध्ये 'यूएफसी' या मिश्र मार्शल आर्ट्सच्या मालिकेतली पहिली, आठ जणांची स्पर्धा एका रात्रीत झाली, वजनगट नव्हते. वजनगट फेब्रुवारी १९९७ मध्ये आले, हातमोज्यांची सक्ती त्याच वर्षी जुलैत. आज डोक्याला मार लागून हरलेल्याला साधारण ३० ते ६० दिवस लढायला मनाई असते. तरी नाटकात स्पर्धा एक-दोन रात्रींतच संपते, कारण भाऊ भावासमोर यायला हवा. ही सवलत चालवून घेण्यासारखी आहे.

चालवून घेऊ नये ते वजन उतरवण्याचे दृश्य. घामाने डबडबलेला चेहरा, एक आरोळी आणि वजनकाटा, एवढ्यात ते आटोपते. खरे तर घरातल्या जाचाची जागा तिथेच असते. लढत महिन्या-दोन महिन्यांनी येते, ताटातले मोजमाप रोज होते. शेवटच्या दिवसांत मीठ आणि पिष्ट तोडतात, पाणी आधी भरपूर देऊन मग बंद करतात, मग गरम टब किंवा रबरी पोशाख. रबरी पोशाखात घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. रक्ताचे प्रमाण घटते, हृदय जोरात पळते आणि नेमके या वेळी पोराला 'अजून दहा मिनिटे' असे सांगणारा माणूस लागतो. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच गेले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख आणि सॉना बंद झाले आणि वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायचे ठरले. हंगामाच्या सुरुवातीला किमान वजन प्रमाणित होऊ लागले: शरीरातली चरबी ५ टक्क्यांखाली नको, लघवीची सापेक्ष घनता १.०२० पेक्षा जास्त नको, आठवड्याला १.५ टक्क्यापेक्षा अधिक घट नको. घनता का, तर पोराला सुकवून काट्यावर उभे केले की घनतेचा आकडा जास्त येतो आणि लबाडी उघडी पडते. व्यावसायिक लढतींत वजन अजून बहुधा आदल्या दिवशीच घेतात, त्यामुळे तिथे सुकवणे चालूच आहे.

'शिस्त' आणि 'छळ' यांतली रेघ कागदावर फार उशिरा आली. ऑलिंपिक चळवळीतल्या तज्ज्ञांचे २००७चे निवेदन मुख्यतः लैंगिक छळापुरते होते. २०१६च्या निवेदनात मानसिक छळ, शारीरिक छळ आणि हेळसांड यांनाही जागा मिळाली. हेळसांड हा शब्द इथे सगळ्यांत कामाचा: दुखावलेल्या खांद्याने उतरवणे यात बसते, मग ठोसा कोणी मारला नसला तरी. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकी कायद्याने क्रीडा क्षेत्रातल्या प्रौढांना अल्पवयीनांच्या छळाची माहिती २४ तासांत कळवणे बंधनकारक केले. फट अशी की क्रीडा व्यवस्थेचा हात नोंदणी असलेल्यांपर्यंतच पोहोचतो. ज्याच्याकडे परवाना नाही आणि जो परसात मॅट टाकून शिकवतो, तो बाप खेळाच्या नव्हे तर सर्वसाधारण कायद्याच्या कक्षेत येतो, आणि तिथे तक्रार करायची ती बहुधा पोरानेच किंवा शेजाऱ्याने.

पूर्वीच्या रिंगकथांत खलनायक बाहेरचा असे: सट्टेबाज, गुंड, विकला गेलेला व्यवस्थापक. १९६० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये मुष्टियुद्धातल्या गुंडगिरीवर जाहीर सुनावण्या झाल्या, तेव्हा ती गोष्ट सांगायला पुरेशी खरी होती. खलनायक घरात आला तो नंतर, आणि थाप असलेला खेळ पडद्यावर आल्यावर त्याला खरी धार चढली. ठोशांच्या खेळात हार बाहेरून येते, थापेच्या खेळात ती स्वतः द्यावी लागते. बापासमोर ज्याने कधी 'पुरे' म्हटले नाही, त्याला ते हाताने म्हणावे लागते.

चित्रीकरणात यातून एक अडचण उभी राहते. सरावात थाप हीच अभिनेत्याची खरी सुरक्षा असते, पण संहितेत पात्र थाप मारणार नसेल तर ती खूण वापरता येत नाही. आणि पात्र थाप मारणार असेल तर खरी कोणती आणि अभिनयातली कोणती, हे पकडणाऱ्याला कळत नाही. म्हणून वेगळी खूण ठरवतात, बहुधा कॅमेऱ्याबाहेरच्या हाताने समोरच्याचा दंड दोनदा दाबणे, किंवा टाच आपटणे. गळ्याच्या पकडीत मनगट गळ्यावर न ठेवता हनुवटीखाली पुढे सोडतात, जोर आपल्याच दंडावर घेतात आणि मानेच्या शिरा ताणून दाखवायचे काम पकडलेला करतो. ही खूण पकड शिकवण्याआधी घोटून घेतात.