कन्व्हर्टरने इंजिन खाल्लं, की इंजिनने कन्व्हर्टर?

पेट्रोल इंजिनच्या बोटीची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पिकअप गेलं. थ्रॉटल पूर्ण दिला तरी आरपीएम चढत नाही, बोट पाण्यावर उचलत नाही, इंजिन तापतं. खोलून बघितलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणाऱ्या डब्याची) जाळी वितळलेली आणि एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनही (हवा दाबण्याची ताकद) गेलेलं, अशी दोन्ही दुखणी एकदम हाती लागतात. मालक म्हणतो कन्व्हर्टर बदला, मेकॅनिक म्हणतो हेड उतरवू. आधी बिघडलं कोण, हे ठरवल्याशिवाय दोघांचंही म्हणणं अर्धवटच. कारण इंजिन मूळ गुन्हेगार असेल तर नवा कन्व्हर्टरही ते तसाच खाणार.

आधी आपल्या बोटीत कन्व्हर्टर आहे का ते बघा. पंचगंगेच्या पुरात रबरी बोटींना लावतात त्या ओबीएमला, म्हणजे आउटबोर्ड मोटरला, तो सहसा नसतोच. डिझेल इनबोर्डचं, म्हणजे बोटीच्या आत बसणाऱ्या इंजिनचं, गणितही वेगळं. प्रश्न येतो तो पेट्रोलवर चालणाऱ्या इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) इंजिनांचा. कॅलिफोर्नियाने २००८ पासून आणि अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २०१० च्या मॉडेलपासून प्रदूषणाची मर्यादा इतकी कडक केली, की या इंजिनांना कन्व्हर्टर लावणं भाग पडलं. असं इंजिन मालवण किंवा गोव्याकडून घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सिलिंडर बोरिंगला आलं, तर गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकला त्यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. उरलेलं निम्मं त्याला फसवेल, कारण बोटीचा एक्झॉस्ट पाण्याने थंड होतो.

गाडीत कन्व्हर्टर खाली उघड्या हवेत असतो. बोटीत तो मॅनिफोल्डच्या (सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) पुढे, रायझर किंवा एल्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वर चढणाऱ्या किंवा वळणाऱ्या पाइपच्या, आत बसतो आणि त्याच्या भोवती पाण्याचं जॅकेट असतं. त्याच्या थोडं पुढे हेच थंड पाणी थेट धुरात सोडलं जातं. म्हणजे चारशे-सहाशे अंशांवर तापलेली सिरॅमिकची जाळी आणि वाहतं पाणी यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. बोटीतला सगळा घोळ या वीतभर जागेतून निघतो.

इंजिनने कन्व्हर्टर मारण्याचे मार्ग गाडीतल्यासारखेच. प्लग किंवा कॉइल कमजोर झाली, सिलिंडर मिसिंग मारायला लागला, की न जळलेलं पेट्रोल आणि हवा थेट जाळीवर जाऊन जळतात. जाळीवरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर हजार अंशांच्या आसपास निकामी होऊ लागतो. त्यावर आणखी चारेकशे अंश चढले की सिरॅमिकच वितळतं. इंजेक्टर गळून मिश्रण रिच झालं तरी शेवट तोच. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त जाळीवर बसतं. हेड गॅस्केटमधून कूलंट जात असेल तर त्यातले क्षार बसतात. यात जाळी वितळत नाही, हळूहळू मुकी होते. पिकअप बरा असतो आणि फक्त पी०४२० कोड (कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं सांगणारा) येतो. असा कोड आला म्हणून लगेच कन्व्हर्टर मागवू नका. सोबत पी०३०० किंवा पी०३०१च्या मालिकेतला मिसिंगचा कोड असेल तर आधी त्याचा निकाल लावा.

उलट बाजू, म्हणजे कन्व्हर्टरने इंजिन मारणं, जाळी तुंबल्यावर सुरू होतं. जळालेला वायू बाहेर पडत नाही, थोडा सिलिंडरमध्येच राहतो, पुढच्या स्ट्रोकला ताजी हवा कमी भरते. ताकद जाते ती यामुळे. तापलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती कोंडून राहिला की व्हॉल्व्हची कड जळते. तशात बोटीला उतार नसतो: पाण्याचा ओढा सतत असल्याने इंजिन तासन्‌तास लोडवर चालतं. गाडीत काही महिने रखडत चाललेलं दुखणं बोटीत म्हणूनच लवकर वर येतं.

दोन्हींत फरक करायला एक गोष्ट फार उपयोगी पडते. व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिनात दोन बाजूंना दोन कन्व्हर्टर असतात. एका बाजूचे सगळे सिलिंडर सारखेच दबलेले, पण कॉम्प्रेशन ठीक, तर संशय त्या बाजूच्या कन्व्हर्टरवर. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आणि बाकीचे ठणठणीत, तर सुरुवात बहुधा इंजिनातून झाली. शेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम कमी, तर हेड गॅस्केट.

कॉम्प्रेशन बघताना सगळे प्लग काढा, इग्निशन आणि फ्युएल बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली असू द्या आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा स्ट्रोक द्या. सर्वात कमी आकडा सर्वात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर इंजिन खोलावंच लागेल. त्याआधी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल सोडून पुन्हा बघा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

कोंडी बघायला व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे आकडा दोनेक इंचांनी कमी येणार. १५-१६ दिसलं म्हणून घाबरू नये. मग २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा क्षणभर पडून पुन्हा वर येऊन स्थिरावला तर वाट मोकळी आहे. हळूहळू उतरतच गेला तर कोंडी आहे. खात्री करायला कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. गाडीत आयडलला दीड पीएसआय आणि २५०० ला ३ पीएसआयच्या आत असावं लागतं. बोटीसाठी मात्र त्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. टेम्परेचर गनच्या भरवशावर बोटीत राहू नका. गाडीत कन्व्हर्टरच्या पुढच्या-मागच्या तापमानावरून अंदाज येतो. इथे बाहेरून हाती लागतं ते जॅकेटमधल्या पाण्याचं तापमान.

आता तिसरा, जो दोघांवरही आळ आणतो: पाणी. आयडलला किंवा थ्रॉटल एकदम सोडल्यावर एक्झॉस्टमधले दाबाचे झटके पाण्याला उलटं ओढतात. तापलेल्या जाळीवर ते पडलं की सिरॅमिक तडकतं. तेच पाणी व्हॉल्व्ह ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असताना) सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन वर येताना पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्ण वर येत नाही, कॉम्प्रेशन कमी दिसतं आणि रिंगांना दोष दिला जातो. अशा वेळी प्रत्येक पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वात वरच्या टोकाला, किती वर येतो हे मोजून बघा. गंजून भोक पडलेला रायझर हेही पाण्याचं नेहमीचं दार. खाऱ्या पाण्यातली बोट असेल तर वेळोवेळी तो उतरवून तपासायलाच हवा.

जाळी स्वतःच बरंच सांगते. सेन्सरच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून तिचं तोंड बघा. कडा गोल झालेल्या, भोकं बुजलेली, काचेसारखी चकाकी असेल तर मिसिंग किंवा रिच मिश्रण. कोरडी काळी काजळी असेल तर रिच मिश्रण. पांढुरकी, राखाडी पुटं असतील तर ऑइल किंवा कूलंट. आणि तुकडे धारदार, कडा स्वच्छ, आसपास गंज किंवा मिठाचे डाग असतील तर पाणी आत आलं होतं.

पाणी गेल्याचा संशय आला तर प्लग लावलेले असताना सेल्फ मारू नका. प्लग काढा, इग्निशन तोडा, सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक) बंद करा आणि पाच-पाच सेकंद सेल्फ मारून पाणी उडवून टाका. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा. क्रँककेसमधलं ऑइल दुधाळ झालं असेल तर फिल्टरसकट बदला, इंजिन गरम होईपर्यंत चालवा आणि दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा बदला. हे त्याच दिवशी व्हायला हवं. दुसऱ्या दिवसापर्यंत बोअरवर गंज धरतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून सी-कॉक उघडा ठेवून सेल्फ मारत राहणं हेही पाणी आत घेण्याचंच काम, कारण इंजिन न पेटताही पंप पाणी ढकलत असतो. नळाची पाइप थेट इंजिनाला जोडून धुताना आधी इंजिन सुरू करा, मग लगेच नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन.

जाळी फोडून कन्व्हर्टर पोकळ करणं हा स्वस्त उपाय बोटीत करूच नये. मागच्या फळीवर बसलेल्या किंवा मागे पोहणाऱ्या माणसाच्या नाकाशी कार्बन मोनॉक्साइड येतो, आणि त्याला वास नसतो.

नवा कन्व्हर्टर बसवायचा तो सगळ्यात शेवटी. आधी मिसिंग, गळकं इंजेक्टर, ऑइल किंवा कूलंट कुठून जातंय ते बघा. मग रायझर आणि मॅनिफोल्डची प्रेशर टेस्ट. मग कन्व्हर्टर, सोबत नवी गॅस्केट आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर. गॅस्केटला साधं सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. बोट पाण्यात उतरवून लोडवर चालवल्यावर आयडलचा आणि २५०० चा व्हॅक्यूम वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी पिकअपची तक्रार आली तर ताडून बघायला तेच आकडे लागतील.