टपावरचा पिवळा दिवा आणि मागून येणारी गाडी

पुण्यातल्या दिघीला ग्रेफचं, म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचं केंद्र आहे. सीमा सडक संघटनेत, म्हणजे बीआरओत भरती झालेली मुलं आधी तिथे येतात आणि मग लडाख-हिमाचलच्या रस्त्यांवर जातात. झोजी ला किंवा रोहतांगसारख्या खिंडींतला बर्फ बाजूला सारणारी संघटना हीच. तिथे डोझर आणि स्नो कटर लागतात, कारण बर्फाच्या भिंती गाडीपेक्षा उंच असतात. उत्तर अमेरिकेतल्या गावांत मात्र बरंचसं काम साध्या पिकअपवर भागतं. गाडीच्या पुढे अडीच मीटरच्या आसपास रुंदीचं पोलादी पातं जोडायचं आणि दुकानं उघडायच्या आत पार्किंगमधला बर्फ ढकलून कडेला लावायचा, हा तिकडचा हिवाळ्यातला रीतसर धंदा आहे. गाडी सारखी पुढे-मागे होते, रस्त्यावर आली तरी हळू चालते, आणि काम बहुतेक अंधारात, पडत्या बर्फात. म्हणून टपावर लुकलुकणारा पिवळा दिवा.

हा दिवा बसवायचा कुठे? वरवर पाहता पाना आणि चार स्क्रूंचं काम. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात, तर दिव्याच्या गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ असाच असणार. पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तीन गोष्टी कळायला हव्यात: पुढे काहीतरी आहे, ते नेमकं कुठे आहे, आणि आपण त्याच्यावर किती वेगाने चाललो आहोत. झगझगाट यांतल्या फक्त पहिलीचं उत्तर देतो. उरलेल्या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी दिवा कुठे आणि कसा बसवला यावर ठरतात.

रंगाचं आधी उरकू. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. त्याला १०० गुण दिले तर ५९० नॅनोमीटरच्या अंबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्या रंगाला सुमारे ७६ मिळतात, ६३० च्या लालला २६-२७ आणि ४७० च्या निळ्याला जेमतेम ९. अंधारात हे गणित बदलतं. डोळ्याची कमाल संवेदना ५०७ नॅनोमीटरकडे, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे सरकते. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं. मिशिगन आणि ओहायोमध्ये बर्फ हटवणाऱ्या गाड्यांवर अंबरच्या जोडीला हिरवा दिवा दिसतो, कॅनडातल्या ऑन्टारियोत निळा. निळा रात्री लांबून उठून दिसतो खरा, पण डोळ्यांना झोंबतो, वयस्कर डोळ्यांना जास्तच. लाल रंग ब्रेकसाठी राखलेला, पांढरा दिवा पांढऱ्या बर्फात हरवतो. अंबर ही तडजोड आहे, आणि माझ्या मते चांगली तडजोड आहे. आपल्याकडे टपावरच्या दिव्याचा रंग म्हणजे हुद्दा असं समीकरण फार वर्षं होतं. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांचे लाल दिवे उतरले, तरी खासगी गाड्यांवर लाल-निळे दिवे लावून मिरवण्याची हौस काही गेलेली नाही.

पिवळा प्रकाश धुकं आणि बर्फ भेदून जातो, असं मात्र समजू नका. ही समजूत आकाशाच्या निळेपणावरून आली आहे. हवेच्या रेणूंवर निळा प्रकाश पिवळ्याच्या जवळजवळ तिप्पट विखुरतो, हे खरं. पण तो नियम प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांना लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, धुक्याचा थेंब काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंत, आणि हिमकण तर मिलिमीटरच्या हिशेबात. पाषाणची आयआयटीएम ही हवामानशास्त्र संस्था २०१५ पासून हिवाळ्यात दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा अभ्यास करते आहे, त्यात या थेंबांचं मोजमाप हा महत्त्वाचा भाग आहे. एवढ्या मोठ्या कणांवर सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळे होते. पिवळ्याचा जो काही फायदा आहे तो डोळ्यात आहे, हवेत नाही.

विखुरलेल्या प्रकाशातला काही भाग उलट फिरतो, आणि पिकअपवाल्याची खरी डोकेदुखी ती. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यात हाय बीम लावून पाहिलाय कधी? समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिवा आणि डोळा जितके जवळ, तितका परत आलेला प्रकाश थेट डोळ्यात शिरतो. फॉगलॅम्प खाली बंपरपाशी असतात ते यासाठीच. आता टपाच्या पुढच्या कडेला, ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर, चारही दिशांना प्रकाश फेकणारा दिवा ठेवा. सेकंदाला दोन-तीनदा बॉनेट उजळणार, उचललेलं पातं उजळणार आणि समोर पडणारा एकूणएक हिमकण उजळणार. दिवा जगासाठी लावला, आणि आंधळा झाला आपलाच ड्रायव्हर.

उपाय सोपा आहे. दिवा टपाच्या मागच्या कडेला किंवा त्याहून मागे, केबिन आणि हौद्याच्या मधल्या लोखंडी चौकटीवर न्यायचा, म्हणजे टपाचा पत्राच आडोसा होतो आणि प्रकाश बॉनेटवर पडत नाही. मात्र दिवा फार खाली गेला तर समोरून येणाऱ्याला तो दिसणारच नाही, म्हणून टपापेक्षा थोडा वर हवा. काहीजण दिव्याच्या पुढच्या बाजूला काळी पट्टी चिकटवतात. जुगाड आहे, पण काम करतो.

वेताळ टेकडीच्या अंगावरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांचे दिवे तपासले जातात. अशा चाचणीत दिवा स्टँडवर लावून वेगवेगळ्या कोनांतून त्याची तीव्रता मोजतात. अमेरिकेत टपावरच्या दिव्यांसाठी एसएई जे८४५ हे मानक आहे, युरोपात ईसीई ६५. पण दिवा स्टँडवर पास झाला म्हणजे टपावर पास झाला असं नाही. एका बाजूला शिडी, दुसऱ्या बाजूला मीठ पसरायचं यंत्र, मधे दिवा, अशा गाडीचा दिवा मागून दिसतच नाही. बसवल्यावर गाडीभोवती एक चक्कर मारून सगळ्या बाजूंनी पाहणं, याला कुठल्याही प्रमाणपत्राचा पर्याय नाही.

आता तो टपाला धरून कसा राहणार? चुंबकाचा तळ असलेला दिवा सगळ्यात सोयीचा. काम संपलं की काढून ठेवला. पण २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डच्या एफ-१५० या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची झाली, २०१७ पासून मोठ्या सुपर ड्यूटीचीही, आणि चुंबक तिथे निरुपयोगी ठरला. टपाला भोक पाडणं हा जुना मार्ग. पोलादी टपावर त्या भोकाभोवती गंज धरतो, तोही लवकर, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट आणखी रुंद करतं. नव्या गाड्यांत टपाच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग दुमडून ठेवलेल्या असतात, तिथे ड्रिल लावणं म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून आता मागच्या काचेवरच्या तिसऱ्या ब्रेकलाइटच्याच स्क्रूंवर बसणारा ब्रॅकेट मिळतो. नवं भोक नाही, आणि जागाही नेमकी हवी तीच, टपाची मागची कड.

वायरिंगचंही थोडक्यात सांगतो. पातं उचलणारा हायड्रॉलिक पंप क्षणभर १०० अँपियरहून जास्त करंट ओढतो आणि बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की प्रकाश ३० टक्के उतरतो. म्हणजे पातं उचलून गाडी मागे घेताना, दिव्याची गरज सगळ्यात जास्त असताना, तो मंदावणार. एलईडीचं सर्किट हा चढउतार सांभाळून घेतं आणि करंटही कमी खातं. तिची खोट दुसरीकडे आहे. हॅलोजन तापतो, त्यामुळे त्याच्या काचेवरचा बर्फ आपोआप वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघून जाते, काच थंडच राहते आणि बर्फाचा थर साचतो.

मागच्या दिव्यांवर हा थर आणखी जोरात चढतो. सपाट पाठीची गाडी पुढे गेली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, भोवरे तयार होतात आणि उडालेला बर्फाचा भुगा त्या पोकळीत ओढला जातो. पावसात एक्स्प्रेसवेवर कंटेनरच्या मागे जो तुषारांचा ढग दिसतो तो याच कारणाने. टेललाइट त्या ढगाच्या पोटात असतात. वर आणि कडेला लावलेला दिवा त्यातून थोडाफार सुटतो.

लुकलुकण्यात एक मेख आहे. ब्लोंडेल आणि रे या फ्रेंच संशोधकांनी १९११ साली क्षणिक प्रकाशाचं एक सूत्र मांडलं: झोत जितका आखूड, तितका तो डोळ्याला फिका वाटतो. सेकंदाचा पाचवा भाग टिकणारा झोत सारख्याच तीव्रतेच्या अखंड दिव्याच्या निम्मा वाटतो, दहावा भाग टिकणारा एक तृतीयांश, आणि एक मिलिसेकंदाचा तर दोनशेवा हिस्सा. क्षणार्धात चमकणारे जुने झेनॉन स्ट्रोब दिवे म्हणूनच प्रचंड ताकदीचे करावे लागत, आणि तरी ते लक्ष वेधत पण अंतर सांगत नसत. डोळा स्थिरावून अदमास घेईपर्यंत प्रकाश गेलेला असे. ईसीई ६५ मध्ये सेकंदाला २ ते ४ झोतांची मर्यादा आहे. बाजारात मिळणारे सतरा प्रकारचे थयथयाट करणारे पॅटर्न मला निव्वळ करमणूक वाटतात.

अंतर आणि वेग डोळ्याला कळतो कसा? पुढची वस्तू मोठी होताना दिसते म्हणून. पण ती पुरेशा वेगाने मोठी व्हावी लागते. साधारणपणे त्या वस्तूच्या दोन कडांनी डोळ्याशी केलेला कोन सेकंदाला ०.००३ रेडियनपेक्षा (सुमारे ०.१७ अंशापेक्षा) जास्त वेगाने वाढला तरच आपण जवळ जातोय हे जाणवतं. पिकअप ताशी ४० किलोमीटरने चालली आहे, मागची मोटार ८० ने येते आहे. अंतर सेकंदाला ११ मीटरने घटतंय. टपावर पंधरा सेंटिमीटरचा एकच दिवा असेल आणि अंधारात दुसरं काही दिसत नसेल, तर ही वाढ जाणवते अवघ्या २४ मीटरवर. हाताशी उरतात दोन सेकंद. दीड मीटर अंतरावर दोन दिवे लावले, तर त्यांच्यामधली फट रुंदावताना ७५ मीटरवरच लक्षात येते आणि जवळजवळ सात सेकंद मिळतात. दिव्यांची एकूण ताकद तीच ठेवली तरी हा फरक पडतो. शिवाय हे मोजमाप करायला डोळ्याला दिवे टिकून दिसावे लागतात. म्हणून टपावर एक लुकलुकणारा आणि मागच्या दोन्ही कडांना दोन स्थिर दिवे, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. एकाने लक्ष वेधायचं, दुसऱ्यांनी अंतर सांगायचं.

हेच गणित सोलापूर रस्त्याला, बारामती-दौंडच्या पट्ट्यात, गळीत हंगामात दर रात्री मांडलं जातं. उसाने भरलेली ट्रॉली ताशी २० ने चालली आहे, मागून कोणीतरी ७० ने येतोय. दिवे नाहीत, असलाच तर मधोमध चिकटवलेला रेडियमचा एक तुकडा. दहा सेंटिमीटरचा तो तुकडा वाढताना कळतो २१-२२ मीटरवर, म्हणजे टक्कर दीड सेकंदावर असताना. तेच रेडियम ट्रॉलीच्या दोन्ही टोकांना, सव्वादोन मीटर अंतर सोडून लावलं आणि मागच्याचे हेडलाइट तिथवर पोचत असतील, तर हे अंतर १०० मीटरवर जातं आणि सात सेकंद मिळतात. फक्त ते लावायचं ट्रॉलीच्या लोखंडी साट्याला, उसाच्या मोळीला नाही. आणि बाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाच्या शेंड्याची पानं, त्यावर येणार नाहीत इतकं खाली.