प्रेस्लावच्या फरशीवरची काच

‘या कुंभारांचं गुपित आजच्या विज्ञानालाही उलगडलेलं नाही’ असा मजकूर फिरत फिरत माझ्याही मोबाइलवर आला. सोबतचा फोटो अस्सल होता. दाढीवाला, मोठ्या डोळ्यांचा संत थिओडोर, वीस भाजलेल्या फरश्या जोडून केलेला. बल्गेरियातल्या प्रेस्लावजवळ, पातलेइना मठाच्या अवशेषांत तो १९०९ साली सापडला. तिथल्या कुंभारांनी फरश्यांवर काच कशी चढवली, या गुपिताची गोष्ट मात्र थाप.

८९३ मध्ये बल्गेरियाची राजधानी प्लिस्काहून प्रेस्लावला आली आणि त्याच वर्षी सिमेओन गादीवर बसला. ९७१ मध्ये बायझंटाईन सम्राट जॉन त्झिमिस्केसने शहर जिंकलं. आज तिथे तटाच्या भिंती, राजवाड्याचे पाये आणि गोल चर्चचे खांब दिसतात. आणि दिसतात रंगीत झिलईचे तुकडे. माझा जीव त्यांच्यातच अडकलाय.

झिलई म्हणजे मातीवर वितळवून बसवलेली काच. काचेचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे वाळू. ती वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात. लाकडाच्या भट्टीला ते झेपत नाही. सिलिकात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन हा दोन सिलिकॉनमधला पूल असतो. शिशाचा ऑक्साइड मिसळला की यातले बरेच पूल तुटतात, जाळं सैल पडतं आणि योग्य प्रमाणात मिसळलेलं मिश्रण ८०० अंशांच्या आतच पाघळतं. शिशामुळे काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकदही वाढते, म्हणून ती जास्त चमकते.

खरी गंमत भट्टी निवताना होते. काच घट्ट झाली की ती आणि खालची माती एकमेकींना चिकटूनच आकसतात. काच जास्त आकसली तर ती ताणली जाते, आणि ताण तिला सोसत नाही. जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. किंचित कमी आकसली तर ती दाबाखाली राहते, आणि दाब तिला मानवतो. फारच कमी आकसली तर मात्र कपचे उडतात. म्हणजे दोघींचे प्रसरणांक, अर्थात तापल्यावर फुगण्याची आणि निवताना आकसण्याची मापं, जुळवावे लागतात. शिशाऐवजी सोडा-पोटॅश घालून केलेल्या झिलईपेक्षा शिशाची झिलई कमी आकसते, म्हणून मातीशी तिचं सहसा पटतं. हे प्रमाण कुंभारांनी समीकरणातून काढलेलं नाही, फुटलेल्या फरश्यांवरून काढलं असणार. त्यात गूढ कसलं?

प्रेस्लावच्या या फरश्यांची माती पांढरी आहे. ती पांढरीच का? तांबड्या मातीत लोह असतं आणि पारदर्शक काचेतून ते तपकिरी दिसतं. पांढरी माती चित्राला कोऱ्या कागदासारखी. तिच्यावर तांब्याने हिरवा आणि लोहाने पिवळा ते तपकिरी रंग उमटवता येतो.

प्रेस्लावच्या कारागिरांनी झिलईची भांडीही बनवली. शिशाची झिलई आम्लात थोडी थोडी विरघळते, त्यामुळे असल्या भांड्यात व्हिनेगर किंवा आंबट फळांचा रस मुरत ठेवला की शिसं त्यात उतरतं. भिंतीवरच्या संताला ती अडचण नव्हती.